वाकडी काकडी

आज काकडीबद्दल बोलू या, आणि तीही वाकड्या काकडीबद्दल.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने पहिल्यांदाच सामाईक रानात काकडी लावली. तोडणी झाली की शेडमध्ये पोती अंथरून आम्ही निवडायला बसायचो. सरळ काकडी एका क्रेटमध्ये, वाकडी दुसऱ्यात. काम कंटाळवाणं, पण मध्येच कुणीतरी ओरडायचं, "अगं, ही बघा!" एक काकडी अशी वळलेली की आमच्यातल्या काकूंनी ती कडं म्हणून मनगटात अडकवून दाखवली. दुसरी जुन्या फोनसारखी होती. ती कानाला लावून, "हॅलो, साहेब, आमच्या कर्जाचं काय झालं?" असं विचारून झालं. बेजार हसलो आम्ही. सरळ काकडी हातात धरून कुणी हसल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

संध्याकाळी टेम्पो परत आला तो वाकड्या काकडीचे क्रेट घेऊनच. आम्ही फोनवर विचारलं, "चवीला वाईट आहे का?" उत्तर आलं, "चवीचं नाही हो ताई, आकाराचं आहे." त्या दिवशी बियाण्याचे पैसे कसेबसे सुटले. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. काकडी सरळच हवी, हे ठरवलं कुणी? मग जमेल तसं शोधलं, वाचलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

पहिलं नाव सापडलं ते थेट रेल्वेवाल्याचं. जॉर्ज स्टीफन्सन. 'रॉकेट' नावाच्या इंजिनाने १८२९ची शर्यत जिंकली, तोच हा इंग्रज इंजिनिअर. म्हातारपणी तो चेस्टरफील्ड गावाजवळ मोठ्या घरात राहायला गेला आणि बागेच्या नादी लागला. काचघरात अननस, खरबुजं, काकड्या लावायचा. सगळं मनासारखं व्हायचं, काकडी मात्र वाकडीच यायची. रुळांवर गाडी सरळ चालवणाऱ्या माणसाला ते काही सहन होईना. शेवटी त्याने काचेच्या लांब नळ्या करून घेतल्या. कोवळी काकडी नळीत घालायची, म्हणजे ती वाढेल ती सरळच. १८४८ साली तो गेला. त्याच्या त्या नळ्यांची गोष्ट अजून सांगितली जाते.

आता खरं सांगायचं तर काकडी वाकडी होते त्यात तिचा दोष नसतो. फुलावर मधमाश्या पुरेशा फिरल्या नाहीत की एका बाजूचं बी नीट भरत नाही आणि फळ वळतं. पाण्याचा ताण पडला, वेल जमिनीवर पसरला, फळ दगडाला टेकलं, तरी तेच. तारेवर चढवलेल्या वेलाची काकडी खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनाने सरळ होते. गाजराचंही असंच. खाली खडा लागला की त्याला दोन पाय फुटतात. म्हणजे वाकडी भाजी हातात घेतली की तिच्यावर काय काय बेतलं ते कळतं.

स्टीफन्सनची ती हौस होती. पण पुढे युरोपात सरळपणाचा चक्क कायदा झाला. १९८८ साली युरोपच्या सामाईक बाजारासाठी काकडीचे नियम छापले गेले. वरच्या दोन प्रतींच्या काकडीला दहा सेंटिमीटर लांबीमागे फार तर दहा मिलिमीटर बाक चालेल. त्याखालच्या प्रतीला वीस मिलिमीटर. लोक सांगतात की तिकडे वाकडी काकडी विकायलाच बंदी होती. तसं नव्हतं. तीही विकता यायची, पण वेगळ्या खोक्यात, खालच्या प्रतीत. कारणही साधं होतं. सरळ काकड्या खोक्यात नीट रचता येतात आणि खोकं न उघडता आत किती नग आहेत ते व्यापाऱ्याला कळतं. चवीचा किंवा पोषणाचा प्रश्नच नव्हता. सोय खोक्याची होती, आणि किंमत मोजली वेलाने.

हे वाचल्यावर आम्ही शिलाई मशीनच्या डब्यातली टेप काढली आणि पुढच्या तोडणीतली बाजूला टाकलेली काकडी मोजली. बरीचशी त्या वीस मिलिमीटरच्या नियमात बसत होती! म्हणजे युरोपच्या कागदावर जिला जागा होती, ती आमच्याकडून टेम्पोभाडं भरून परत येत होती. नजरेने वाकडी ठरवणं सोपं असतं. टेप कुणी लावून बघत नाही.

या नियमांची वीस वर्षं थट्टा झाली. मग २००८च्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घ्यायचं ठरलं. जगात त्या वेळी अन्नधान्य महागलं होतं. युरोपच्या शेती आयुक्त तेव्हा मारियान फिशर बोएल नावाच्या बाई होत्या. चांगला माल नुसत्या आकारासाठी फेकून देण्यात अर्थ नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. १ जुलै २००९ पासून काकडी, गाजर, वांगी, कांदा, लसूण, कोबी, कलिंगड अशा २६ प्रकारांवरचे आकाराचे नियम गेले. सफरचंद, टोमॅटो, द्राक्षं अशा दहांवरचे राहिले. पण कायदा गेला तरी मोठ्या दुकानांची सवय लगेच गेली नाही. म्हणून २०१३ साली पोर्तुगालच्या लिस्बन शहरात इझाबेल सोआरेस या बाईंनी सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं 'फ्रुता फेइया', म्हणजे कुरूप फळ. दुकानांनी नाकारलेला माल शेतकऱ्यांकडून विकत घ्यायचा आणि सभासदांना आठवड्याची टोपली द्यायची. हे वाचताना आम्हाला आपल्यासारख्याच बायका डोळ्यांपुढे आल्या.

आणि एक गाव असंही आहे, जिथे वाकड्या मुळ्याचीच जत्रा भरते. मेक्सिकोतलं ओआहाका. तिथे १८९७ सालापासून दर २३ डिसेंबरला 'मुळ्यांची रात्र' साजरी होते. त्यासाठी लाल मुळे मुद्दाम जास्त दिवस जमिनीत ठेवतात. ते मोठे होतात, पिळवटतात, त्यांना फाटे फुटतात. मग कारागीर त्या फाट्यांचे हातपाय करून माणसं, प्राणी कोरतात. काही तासांत सगळं सुकून जातं, तरी लोक बघायला रांगा लावतात.

आपल्याकडे शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७चा. प्रतवारी नको असं आमचं म्हणणं नाही. किडकं, सडकं वेगळं काढायलाच हवं. पण निवडायला बसतात त्या बहुतेक बायकाच, आणि बाजूला काय टाकायचं ते ठरवतं दुसरंच कुणीतरी. म्हणून यंदा आम्ही वाकडी काकडी टेम्पोत घातलीच नाही. आठवडी बाजारात वेगळा ढीग लावला, भाव थोडा कमी ठेवला. पहिल्या दिवशी एक आजी आल्या. त्यांनी सरळ ढिगाकडे पाहिलंही नाही. सगळ्यात वेडीवाकडी उचलून म्हणाल्या, "ही दे गं. घरच्या वेलाची दिसतेय."