सूर्याची गच्ची आणि विजेची पेटी

रसायनशास्त्राचा इतिहास लिहितांना कल्पनेस जितका मान मिळतो, तितका भांड्यांस मिळत नाहीं. प्रकाशरसायनाच्या बाबतींत हा अन्याय आम्हांस विशेष जाणवतो. कारण हवा तेव्हां आणि मोजून प्रकाश मिळविणें, हीच या शास्त्राची दीर्घकाळची अडचण होती.

१८८९ पासून बोलोन्या येथें अध्यापक असलेले जाकोमो चामिचान व त्यांचे जर्मन सहकारी पॉल झिल्बर यांनीं काचेच्या नळ्या व चंबू द्रव्यांनीं भरून प्रयोगशाळेच्या गच्चीवर उन्हांत मांडले. दिवा सूर्याचा, घड्याळ ऋतूंचें! कार्व्होनचें द्रावण सुमारें वर्षभर उन्हांत राहिलें, तेव्हां त्यांतून निराळें समघटक द्रव्य निघाल्याचें त्यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या रचनेस ब्यूखी व गोल्डमन यांनीं १९५७ सालीं पुष्टि दिली. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील व्याख्यानांत चामिचान यांनीं कोळशावांचून व धुरावांचून चालणाऱ्या, ओसाड प्रदेशांतील काचेच्या कारखान्यांचें चित्र रेखाटलें. परंतु १९१५ सालीं इटली युद्धांत उतरली, झिल्बर यांस बोलोन्या सोडावें लागलें, आणि १९२२ सालीं चामिचान निवर्तले.

पुढें पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. द्रवांत बुडविलेल्या, पाण्यानें थंड राखलेल्या वेष्टणांत तो ठेवीत. ढगांची व रात्रीची सत्ता संपली. पण उष्णता व अतिनील किरणांचा उपद्रव राहिला. शिवाय एक नियम कोणत्याही दिव्यास चुकत नाहीं: रंगीत द्रवांत प्रकाश जसजसा खोल जातो, तसतसा तो झपाट्यानें क्षीण होतो. मोठ्या पात्रांत कडेचें द्रव्य उजळतें, मधलें अंधारांत राहतें. म्हणून अशा प्रयोगांस लहान कुपी किंवा बारीक नळी मानवते.

२००८ सालीं प्रिन्स्टन येथें निसेविझ व मॅकमिलन यांनीं घरगुती दिव्याच्या उजेडांत नवी प्रक्रिया साधली, आणि या विषयास पुन्हा बहर आला. ठिकठिकाणीं प्रकाशदायी डायोडांच्या पट्ट्या, पंखे व कुप्या जुळवून हातघाईचीं साधनें उभीं राहिलीं. कुपी बोटभर सरकली कीं उजेड बदले, उष्णता बदले, उत्पन्नही बदले. मग एकाचा निष्कर्ष दुसऱ्यानें पडताळावा कसा? या प्रश्नास उत्तर म्हणून २०१७ सालीं प्रिन्स्टन व मर्क यांच्या संशोधकांनीं एक छोटी पेटी पुढें मांडली. निळा प्रकाश, ढवळणी व पंखा यांचा तींत एकत्र बंदोबस्त असल्यानें प्रयोग शीघ्र झाले व पुनरुक्तीस योग्य झाले.

या पेटीस आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पडताळा नाहीं तेथें शास्त्र नाहीं. तथापि तिच्या निळ्या उजेडाची वीज कोळशांतून आली असेल, तर चामिचान यांचा मूळ प्रश्न तसाच उरतो. गच्चीवर सूर्य फुकट होता, पण मोजला जात नव्हता. पेटींत प्रकाश मोजून मिळतो, पण सूर्य बाहेर राहिला आहे. या दोहोंचा मेळ जो घालील, तोच बोलोन्याच्या त्या गच्चीचा खरा वारस होय.