गीझर: आइसलंडच्या उष्ण झऱ्यापासून भारतीय न्हाणीघरापर्यंत

दर हिवाळ्यात देशातील कोणत्या ना कोणत्या शहरातून तीच बातमी येते. न्हाणीघराचे दार आतून बंद, नळ चालू, गॅस गीझर पेटलेला आणि आत निपचित पडलेला माणूस. बातमीत बहुधा 'गुदमरून मृत्यू' असे शब्द असतात. ते अपुरे आहेत. या मृत्यूंमागे एका उपकरणाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि धोक्याचे मूळ त्या उपकरणाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आले आहे.

'गीझर' हा शब्द मूळचा आइसलंडचा. तेथील हाउकादालुर खोऱ्यात 'गेसिर' नावाचा उष्ण झरा आहे. तो पूर्वी अधूनमधून उसळून पाण्याचा उंच स्तंभ आकाशात फेकत असे. १८४५ साली हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यानंतर १८४६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन तेथे अभ्यासासाठी गेले. त्यांनी झऱ्याच्या नळीसारख्या विवरात तापमापक सोडले, तेव्हा खोलवरचे पाणी १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले आढळले. वरच्या पाण्याच्या दाबामुळे तेथील उत्कलनबिंदू वाढलेला असतो. वरचे थोडे पाणी बाहेर सांडले की दाब उतरतो, खालचे अतितप्त पाणी एकाएकी उकळते आणि झरा उसळतो.

याच बुन्सेन यांच्यासाठी हायडेलबर्ग येथे १८५५च्या सुमारास पेटर डेसागा या यंत्रकारागिराने एक ज्वालक तयार केला. वायू जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळल्यामुळे काजळी न धरणारी, निळी, अतिशय उष्ण ज्योत मिळू लागली. आजच्या गॅस गीझरमधील ज्योत याच तत्त्वावर जळते. झऱ्याचे कोडे उलगडणारा आणि ज्वालकाला नाव देणारा संशोधक एकच असावा, हा इतिहासातील एक सुंदर योगायोग होय.

१८६८ साली लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन याने घरगुती वापरासाठी पाणी तत्क्षणी तापविणारे उपकरण बनविले आणि त्याला 'गीझर' हे नाव दिले. वरून थंड पाणी आत यायचे, खाली वायूची ज्योत जळायची आणि त्या तप्त वायूंनी तापलेले पाणी थेट टबात पडायचे. साठवणीची टाकी नव्हती. मात्र जळलेले वायू बाहेर नेणारे धुराडेही नव्हते. जे काही निर्माण होई ते न्हाणीघरातच साचत असे.

पुढे दोन वाटा फुटल्या. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेजियन अभियंत्याने १८८९ मध्ये टाकीचा स्वयंचलित हीटर घडविला. जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी वाट वेगळी धरली. वायूचे उष्णतामूल्य मोजण्यासाठी त्यांनी असा उष्णतामापक तयार केला होता, ज्यात ज्योतीची जवळजवळ सगळी उष्णता धातूच्या भिंतीतून वाहत्या पाण्याला मिळे. पाण्याचा प्रवाह आणि तापमानातील वाढ मोजली की वायूची उष्णता कळे. हेच मोजमापाचे यंत्र मोठे केले की ते पाणी तापविणारे यंत्र होते. १८९५ साली देसाऊ येथे त्यांची अशा हीटरची कंपनी उभी राहिली. पुढे १९१५ मध्ये संपूर्ण धातूचे विमान उडविणारे युंकर्स ते हेच.

त्याच १८९५ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वास कोंडल्याची जाणीवही होत नाही, कारण श्वासोच्छ्वास चालूच असतो. ऑक्सिजन मात्र पेशींपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच 'गुदमरून' हा शब्द अपुरा ठरतो.

भारतात पूर्वी बंब होता. तांब्याच्या भांड्याच्या मधोमध नळकांडे आणि त्यात पेटलेली लाकडे किंवा कोळसा. तोही कार्बन मोनॉक्साइड सोडीतच असे, पण बंबाची जागा बहुधा परसात किंवा उघड्या न्हाणीत असे. १९६५ साली कोलकात्यात 'इंडेन'ची पहिली जोडणी दिली गेली आणि पुढील दशकांत सिलिंडर घरोघरी पोहोचला. दरम्यान न्हाणीघर आक्रसून सदनिकेच्या आत आले. जागा बंद झाली आणि ज्योतही तिथेच आली.

मग लोक विजेवर चालणारा टाकीविरहित हीटर का घेत नाहीत? उत्तर साध्या गणितात आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे तर सुमारे १०.५ किलोवॅट शक्ती लागते. म्हणजे २३० व्होल्टवर ४५ अँपिअर. आपल्या घरातील मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. जर्मनीत अशा हीटरांना तीन फेजचा वीजपुरवठा दिला जातो. आपल्याकडचा ३ किलोवॅटचा 'इन्स्टंट' हीटर तेवढ्याच तापमानवाढीला मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर पाणी देऊ शकतो. त्यामुळे त्यात बहुधा एक किंवा तीन लिटरची छोटी टाकी दडलेली असते. वाहते गरम पाणी हवे तर सामान्य घराला वायूच परवडतो.

परंतु तेच गणित पुढे न्यावे. तेवढी शक्ती देणारा गॅस गीझर तासाला सुमारे १ किलो एलपीजी जाळतो आणि त्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा लागते. लहान न्हाणीघरात हवा असते ७-८ घनमीटर. खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात जवळजवळ त्या सगळ्या हवेइतकी गरज भासते. तोवर वाट पाहण्याची वेळच येत नाही. ऑक्सिजन थोडा घटताच ज्वलन अपूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. अशा घटनांतून वाचलेल्या, पण मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने केल्या आहेत.

टाकीविरहित हीटर हे वाईट तंत्रज्ञान नव्हे. वापर नसताना टाकीतील पाणी गरम ठेवण्यात जाणारी ऊर्जा त्यात वाचते. उपाय कठीणही नाही: गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी, आणि जळलेले वायू धुराड्यातून बाहेर काढावेत. झरोक्याला याचा पर्याय समजू नये. आंघोळ करताना डोके दुखू लागले, मळमळले वा चक्कर आली, तर आधी दार उघडून बाहेर पडावे. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे व गॅस गीझर चालू होता हे डॉक्टरांना सांगावे, कारण शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघून जातो.

मॉनच्या गीझरला धुराडे नव्हते, तेव्हा हाल्डेन यांचे प्रयोग व्हायचे होते. आज ते ज्ञान सव्वाशे वर्षांहून जुने आहे. तरीही बंद न्हाणीघरात गीझर बसविला जातो, तेव्हा आपण उपकरण आजचे आणि चूक १८६८ची घरी आणत असतो.