दूरचित्रवाणी आणि खेळांचा प्रेक्षकवर्ग : हॉकी, क्रिकेट व कबड्डी

भारतात क्रिकेटने हॉकीस मागे कसे टाकले, या प्रश्नाचे एक उत्तर आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेतील अंतिम सामन्यात भारतीय हॉकी संघ पाकिस्तानकडून १–७ असा पराभूत झाला. आणि त्यानंतर सात महिने पुरे होण्यापूर्वीच, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताने वेस्ट इंडीजवर ४३ धावांनी विजय मिळवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दोन्ही सामने लोकांनी नव्याने पसरू लागलेल्या दूरचित्रवाणीवर पाहिले. एका खेळाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय असा एका वर्षाच्या आत घडला, असे या उपपत्तीचे सार आहे. ती सुटसुटीत आहे आणि तीत तथ्यही आहे. परंतु जय-पराजयानेच प्रेक्षकवर्ग ठरतो असे एकदा मानले, की लगेच अडचणी उभ्या राहतात. १९८३-८४ च्या हिवाळ्यात त्याच वेस्ट इंडीज संघाने भारतात येऊन कसोटी मालिका ३–० आणि एकदिवसीय मालिका ५–० अशी जिंकली. विश्वविजेत्यांची घरच्या मैदानावर अशी दाणादाण उडाली, तरी क्रिकेटचा प्रेक्षक ओसरला नाही. उलट हॉकी संघाने १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे विश्वचषक आणि १९८० मध्ये मॉस्को येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले असताही त्या विजयांतून हॉकीचा कायमचा प्रेक्षकवर्ग निर्माण झाला नाही. तेव्हा कारणे मैदानाबाहेर शोधणे भाग आहे.

प्रथम दूरचित्रवाणीपूर्व स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९२८ ते १९५६ या काळात भारताने हॉकीची सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, आणि त्यामुळे हॉकी हाच राष्ट्राचा खेळ होय अशी भावना रूढ झाली. तथापि ही प्रतिष्ठा चार वर्षांतून एकदा, तीही परदेशात उजळणारी होती. मुंबईसारख्या शहरात तिकीट काढून मैदान भरविणारा खेळ फार पूर्वीपासून क्रिकेट हाच होता. चौरंगी व पुढे पंचरंगी सामन्यांना लोटणारी गर्दी इतकी मोठी होती, की जातवार संघांच्या त्या स्पर्धेविरुद्ध १९४० साली गांधीजींनी मत व्यक्त केल्यावरही ती आणखी काही वर्षे चालली आणि १९४६ मध्ये बंद पडली. १९७१ साली अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून आलेल्या संघाचे मुंबईने जे स्वागत केले, त्यात दूरचित्रवाणीचा काडीमात्र भाग नव्हता. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी सामना ऐकावयाचा असे. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट इंग्रजी न जाणणाऱ्या घरांत नेले. आणि आकाशवाणीने हॉकीस कमी लेखले असेही नाही. १९७५ च्या विश्वचषकाचे जसदेव सिंह यांचे हिंदी धावते समालोचन ज्यांनी ऐकले, त्यांच्या आठवणीत ते दीर्घकाळ टिकून राहिले. हॉकीची गती कानाला अडचणीची नव्हती. दोन्ही खेळ श्रोत्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदत होते. त्यांच्यातील अंतर पुढे पडद्याने वाढविले.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रायोगिक प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, परंतु दोन दशकांहून अधिक काळ तिची व्याप्ती मोठ्या शहरांपुरतीच राहिली. १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले व त्याच वर्षी जाहिराती स्वीकारल्या जाऊ लागल्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण या दोन गोष्टी सुरू झाल्या. दुसरीचे निमित्त आशियाई क्रीडास्पर्धा हेच होते. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लघुशक्तीच्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने पसरले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत चित्र पोहोचले. म्हणजे बहुसंख्य भारतीयांच्या घरी पडदा आला तो १९८३ नंतर. योगायोगाचा भाग येथे मान्य करावा लागतो. हॉकीचे वैभव पडद्यापूर्वी होऊन गेले होते व क्रिकेटचे पडद्याबरोबर आले. याच विश्वचषकात १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देव यांनी झिंबाब्वेविरुद्ध काढलेल्या नाबाद १७५ धावांचे चलच्चित्र मात्र उपलब्ध नाही. ती खेळी दंतकथेसारखी तोंडी परंपरेने चालत आली आहे, आणि जुन्या हॉकीपटूंच्या पराक्रमांचीही तीच गत आहे.

तथापि योगायोगाहून अधिक महत्त्वाचा मुद्दा खेळाच्या काळरचनेचा आहे. त्या वेळचा हॉकी सामना ७० मिनिटांचा, मध्ये एकच विश्रांती. १९८३ चा एकदिवसीय क्रिकेट सामना प्रत्येकी ६० षटकांचा, म्हणजे कमाल १२० षटकांचा. प्रत्येक षटकानंतर खेळ क्षणभर थांबतो, गडी बाद झाला की अधिक थांबतो, शिवाय उपाहाराची सुटी. जाहिरातदाराच्या दृष्टीने हॉकीत एक खिडकी आणि क्रिकेटमध्ये शंभराहून अधिक. प्रेक्षकाच्या दृष्टीनेही हे विराम उपयोगी पडले. चेंडू कसा वळला, फलंदाज कसा चुकला, हे त्या अवकाशात पुन्हा दाखविता येते, आणि खेळाची परिभाषा न जाणणाराही ती हळूहळू शिकतो. लहान पडद्यावर वेगाने सरकणारा हॉकीचा चेंडू शोधण्यातच नवख्या डोळ्याची शक्ती खर्च होई. क्रिकेट स्वभावतःच पडद्यास अनुकूल होते, असा याचा अर्थ मात्र नव्हे. पाच दिवस चालून अनिर्णित राहणारी कसोटी ही प्रक्षेपणाच्या वेळापत्रकास फारशी सोयीची गोष्ट नव्हती. ऑस्ट्रेलियात प्रक्षेपणाचे हक्क न मिळाल्यामुळे केरी पॅकर या वाहिनीमालकाने १९७७ मध्ये स्वतःचीच स्पर्धा उभी केली. विजेच्या झोतात सामने, पांढरा चेंडू, रंगीत पोशाख, खेळपट्टीच्या दोन्ही टोकांस कॅमेरे या गोष्टी त्या भांडणातून रूढ झाल्या. भारताच्या पडद्यावर जे क्रिकेट अवतरले, त्याची जडणघडण अशी आधीच परदेशी होऊन गेली होती. हॉकीतही याच सुमारास मोठा बदल झाला होता. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये सामने कृत्रिम हिरवळीवर झाले व भारत सातवा आला. परंतु तो बदल खेळणाऱ्यांपुढे खर्चाचा डोंगर उभा करणारा होता. क्रिकेटने प्रेक्षकासाठी कूस बदलली आणि हॉकीने मैदान बदलले, हा भेद पुढे फार महाग पडला.

तरीही काळरचना ही केवळ शक्यता होय. तिचे द्रव्य होण्यासाठी खेळ विकण्याचा हक्क कोणाच्या तरी हाती असावा लागतो. १९८३ साली तो हक्क आपल्या हाती आहे याची जाणीव क्रिकेट नियामक मंडळासही नव्हती. विजेत्या खेळाडूंना पारितोषिक देण्याइतका पैसा मंडळाकडे नसल्यामुळे दिल्लीत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम ठेवून निधी उभारावा लागला आणि त्यातून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रुपये देण्यात आले. या एका घटनेवरून त्या वेळच्या संस्थेची आर्थिक स्थिती पुरेशी कळते. सामना दाखविणे हा दूरदर्शन आपला उपकार समजत असे. प्रक्षेपणाचा खर्च आयोजकांनी द्यावा, अशीही अपेक्षा असे.

हे संबंध उलटले ते १९९३ च्या हिरो चषकामुळे. बंगाल क्रिकेट संघटनेने या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी संस्थेस दिले. दूरदर्शनने त्यास हरकत घेतली; १८८५ च्या तार अधिनियमान्वये प्रक्षेपणाचा एकाधिकार शासनाकडे आहे, ही शासनाची भूमिका होती. न्यायालयीन झगडा चालू असतानाच ईडन गार्डन्सवर सामने झाले, आणि २४ नोव्हेंबरच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकरने टाकलेले अखेरचे षटक देशाने पाहिले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन व न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ध्वनिलहरींचा हा अवकाश सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर शासनाचा एकाधिकार असू शकत नाही, आणि त्याचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, असे ठरविले. निकालपत्राचा मुख्य रोख नागरिकाच्या माहिती मिळविण्याच्या व देण्याच्या स्वातंत्र्याकडे होता. व्यवहारात त्याचा पहिला लाभ एका क्रीडासंस्थेस झाला, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. शासनमान्य खरेदीदार एकच होता तोवर हक्काला भाव नव्हता. उपग्रह वाहिन्या स्पर्धेत उतरताच तो चढू लागला. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगचे हक्क २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी १६,३४७ कोटी रुपयांस आणि २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले.

हॉकीस हा मार्ग उपलब्ध नव्हता काय? होता, आणि तो चोखाळलाही गेला. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये ७० मिनिटांचा खेळ चार भागांत विभागला होता. उद्देश उघड आहे. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने चार भागांची पद्धत २०१४ मध्ये स्वीकारली, म्हणजे भारतीय प्रयोग काळाच्या पुढे होता. परंतु २००८ मध्ये ही स्पर्धा थांबली. त्याच वर्षी भारतीय संघ ऑलिंपिकसाठी प्रथमच अपात्र ठरला, आणि त्याच वर्षी भारतीय हॉकी महासंघाची मान्यता गेली. पुढे हॉकी इंडिया ही नवी संस्था आली, तरी अधिकृत संस्था कोणती याविषयीचा वाद काही काळ चालू राहिला. ज्या खेळाचा विक्रेता कोण हेच निश्चित नाही, त्याचा हक्क दीर्घ मुदतीने कोण विकत घेणार? २०१८ पासून ओडिशा शासनाने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, आणि टोकिओ व पॅरिस येथील ऑलिंपिकमध्ये पुरुष संघाने लागोपाठ कांस्यपदके मिळविली. बाजाराने जे दिले नाही ते एका राज्याच्या तिजोरीने दिले.

या विवेचनाची खरी कसोटी कबड्डीच्या उदाहरणात लागते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे ज्याचे प्रदर्शन केले, शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ज्याच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले, तो हा हुतूतूचा खेळ. मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणातील गावांत त्याला प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धेत तो प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखविला गेला; १९९० पासून आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला जाऊ लागला आणि भारत सातत्याने सुवर्णपदक जिंकत राहिला. म्हणजे लोकप्रियता होती, विजयही होते. तरीही राष्ट्रीय पडद्यावर कबड्डी २०१४ पर्यंत जवळजवळ अदृश्यच राहिली. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, आणि त्या एका हंगामात ४३.५ कोटी प्रेक्षकांनी ही स्पर्धा पाहिल्याची गणना प्रसिद्ध झाली. प्रीमियर लीग क्रिकेटखालोखाल हा आकडा होता. (अशी गणना थोडा वेळ डोकावून गेलेल्यासही प्रेक्षक मानते; मैदानात बसणाऱ्याशी त्याची तुलना करणे युक्त नाही.)

अल्पावधीत हा फरक कशाने पडला? मातीची जागा मॅटने घेतली, चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आली, आणि सलग दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवा अथवा बाद व्हा, असा नियम झाला. आघाडीवर असलेल्या संघाने रिकाम्या चढाया करून वेळ काढण्याची जुनी युक्ती त्यामुळे निरुपयोगी ठरली. पूर्वी चढाईचा काळ खेळाडूच्या दमावर ठरे. आता दमाच्या जोडीला घड्याळ आले. जुन्या जाणकारांना हे रुचले नसल्यास नवल नाही, कारण दम हाच या खेळाचा प्राण मानला जात असे. दुसरी गोष्ट अधिक निर्णायक होय. स्पर्धेच्या आयोजक संस्थेत प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीनेच पुढे बहुमताचा वाटा घेतला. क्रिकेटमध्ये विकणारा व दाखविणारा हे निराळे. कबड्डीत ते एकरूप झाले. त्यामुळे खेळास पडदा मिळाला, पण आपल्या खेळाची किंमत ठरविण्याचे सामर्थ्य खेळाच्या संघटनेकडे राहिले नाही. २०२१ पासूनच्या पाच हंगामांचे हक्क सुमारे ९०८ कोटी रुपयांस त्याच वाहिनीकडे राहिले. वर दिलेल्या क्रिकेटच्या आकड्याशी तो ताडून पाहिला असता दुसऱ्या क्रमांकाचा खेळ पहिल्यापासून किती दूर आहे ते कळते.

शासनाने या क्षेत्रातून पूर्णपणे अंग काढून घेतले नाही. २००७ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे चित्र खाजगी वाहिन्यांनी प्रसारभारतीस देणे बंधनकारक झाले, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारक व प्रसारभारती यांच्यात ७५:२५ या प्रमाणात वाटण्याचे ठरले. ज्या घरात शुल्क भरून घेतलेली वाहिनी नाही, तेथे क्रिकेट पोहोचत राहिले ते या तरतुदीमुळे. प्रेक्षकवर्ग घडविणारे कारण म्हणून बाजाराचा विचार करताना ही शासकीय बाजू बहुधा विसरली जाते.

महिलांच्या खेळाची हकीकत थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्रात महिला कबड्डीची परंपरा जुनी व भक्कम आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा पडद्यावर आली. पुढील हंगामात ती झाली नाही. महिलांची क्रिकेट लीग २०२३ मध्ये सुरू झाली, आणि पहिला चेंडू पडण्यापूर्वीच तिचे पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क ९५१ कोटी रुपयांस विकले गेले होते.