सामानापाशी राहणाऱ्यांचा वाटा

धार शहराच्या पश्चिमेस तिरला नावाचे गाव आहे. माळव्यातील मोगल सत्तेचा सेनानी दयाबहादूर याच ठिकाणी मराठ्यांच्या हातून पडला, असे जुन्या इतिहासग्रंथांत सांगितलेले आढळते. पुढे पेशवे दप्तरातील कागद उजेडात आले आणि गिरिधरबहादूर व दयाबहादूर हे दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी जवळच्याच अमझेऱ्याच्या लढाईत पडले, असे संशोधकांनी ठरविले. रणभूमीच्या नावात चूक झाली. परंतु चिमाजी आप्पा, मल्हारराव होळकर, उदाजी पवार ही विजयी नावे कोणी विसरले नाही. लढणाऱ्या पुरुषांविषयी लोकस्मृती अशी जागरूक असते. युद्धात सेवा करणाऱ्या स्त्रियांविषयी ती तशी असते काय, हा प्रश्न आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

याच मल्हाररावांच्या घरातील उदाहरण घेऊ. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र खंडेराव मारला गेल्यावर त्यांनी आपली सून अहिल्याबाई हिला राज्यकारभारात जबाबदारीची कामे दिली. १७६५ च्या सुमारास त्यांनी तिला लिहिलेल्या पत्रांत चंबळ उतरून ग्वाल्हेरीकडे जावे, तोफखाना सिद्ध ठेवावा, दारूगोळ्याची तरतूद करावी, वाटेवर चौक्या बसवाव्यात, अशा आज्ञा आहेत. सैन्याचा जीव ज्या कामावर अवलंबून असतो, ते हे काम होय. आज मात्र अहिल्याबाई म्हटली की घाट, देवालये आणि धर्मशाळा आठवतात. फार तर राघोबादादांना तिने पाठविलेल्या बाणेदार उत्तराची कथा सांगितली जाते. बाणेदार उत्तर लोकांच्या ध्यानात राहिले; दारूगोळ्याचा हिशेब राहिला नाही.

आपल्या काळाच्या अधिक जवळ येऊ. १९४३ साली सिंगापूर येथे आझाद हिंद सेनेत झाशीच्या राणीच्या नावाची पलटण उभी राहिली. त्याच वर्षी एका अध्यादेशाने लष्करी परिचर्या सेवा हिंदुस्थानच्या सशस्त्र दलांचा भाग ठरली. पलटणीची कीर्ती सर्वत्र झाली, आणि ती योग्यच होय. परंतु त्या पलटणीतील स्त्रियांनीही ब्रह्मदेशात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, हे किती जणांस ठाऊक आहे? आणि दुसऱ्या बाजूच्या इस्पितळांत रात्रंदिवस जागणाऱ्या हिंदी परिचारिकांची आठवण तर त्याहूनही अंधुक झाली. त्यांच्यापैकी पुष्कळजणी ख्रिस्ती कुटुंबांतून आणि मिशन इस्पितळांच्या शिक्षणातून पुढे आलेल्या होत्या. आपल्याच मंडळ्यांनी त्यांची नोंद कितपत ठेवली, हे आपण स्वतःस विचारावे.

असे का होते? हाती शस्त्र घेणारी स्त्री नवलाची वाटते, म्हणून तिची कथा होते. औषध देणारी, अन्न शिजविणारी, निरोप पोहोचविणारी स्त्री घरचेच काम करीत आहे असे मानले जाते. आणि घरच्या कामाची बखर कोणी लिहीत नाही.

१ शमुवेल ३० मध्ये बसोर ओहोळापाशी हाच वाद उभा राहिलेला दिसतो. थकून मागे राहिलेल्या दोनशे जणांस लुटीचा वाटा देऊ नये, असे काहींचे म्हणणे पडले. लढावयास जाणारा व सामानापाशी राहणारा या दोघांचा वाटा सारखाच, असा निर्णय दाविदाने दिला, आणि तो पुढे इस्राएलात नियम झाला. आमच्या मते हा नियम केवळ लुटीपुरता नाही. स्मरणाचाही वाटा सारखाच असला पाहिजे.

यासाठी स्मारक उभारण्याची गरज नाही. मंडळीची जुनी नोंदपुस्तके, दफनभूमीतील शिळा, वृद्ध कुटुंबीयांच्या पेट्यांतील पत्रे व छायाचित्रे पाळकांच्या व उपदेशकांच्या आवाक्यात आहेत. युद्धकाळात सेवा केलेल्या एखाद्या भगिनीचे नाव, गाव व काम तेथे सापडल्यास ते लिहून ठेवावे आणि मंडळीत वाचून दाखवावे. त्या पिढीस ओळखणारे लोक आता थोडेच उरले आहेत. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.