तळटीप १४ : ‘हवा भरून काढलेला फोटो’

१४. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अ‍ॅड्रेनल ग्रंथीत गाठ आहे का, हे पाहण्याची सीटी स्कॅनपूर्वीची पद्धत. ही ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची. साध्या एक्स-रेत ती भोवतालच्या ऊतींतून वेगळी उमटत नाही. म्हणून माकडहाडाजवळून सुई घालून त्रिकास्थीपुढच्या सैल जागेत ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडत. वायू उदरावरणाच्या मागून हळूहळू वर चढे, मूत्रपिंडाभोवती पसरे, आणि फिल्मवरच्या त्या काळेपणात ग्रंथीची कड उठून दिसे. स्पॅनिश डॉक्टर रुइझ रिवास यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही वाट दाखवली. त्याआधी सुई थेट मूत्रपिंडाशेजारी घालत. वायू रक्तवाहिनीत शिरून रुग्ण दगावण्याचा धोका खरा होता, तेव्हा मूळ मजकुरातील आईने संमतीच्या कागदावर सही करायला लावलेला वेळ समजून घ्यावा.

१९७१मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. काही वर्षांत पोटाचेही स्कॅन होऊ लागले आणि ही पद्धत मागे पडली. आता औषध न टोचता काढलेल्या सीटीत गाठ एकसारखी दिसली आणि तिची घनता १० हाउन्सफील्ड एककांपर्यंत असली, तर ती बहुधा चरबीयुक्त निरुपद्रवी गाठ असते.

‘गाठीला सुई लावू नका’ असे सर्जन बजावतात, कारण ती अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये स्रवणारी गाठ, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, असल्यास सुईच्या धक्क्याने ती द्रव्ये एकदम रक्तात उतरून रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. म्हणून आजही आधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन (त्या द्रव्यांपासून शरीरात बनणारे पदार्थ) तपासतात.