दोन घरांमधील भिंत



महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंतींची हकीकत यावी, हें योग्यच होय. आणि ती इतर लेखकांनीं सांगितली आहे. मीं मात्र निराळ्याच एका भिंतीचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. रांगेनें बांधलेल्या दोन घरांमधील ही सामाईक भिंत होय. धर्मगुरु म्हणून इतक्या वर्षांत माझ्यापुढें शेजाऱ्यांचे जे तंटे आले, त्यांपैकीं पुष्कळ ह्याच भिंतीपायीं उद्भवलेले होते. माझ्या स्वतःच्या बालपणीं आमच्या छपराच्या पागोळ्या शेजारच्या भिंतीवर पडत. एवढ्या कारणावरून दोन्ही कुटुंबें एकाच बांकावर गुडघे टेकून मिस्सा ऐकत, परंतु देवळाबाहेर पडल्यावर एकमेकांशीं शब्द बोलत नसत. माझ्या वडिलांनीं मरणापूर्वीं शेजाऱ्याला बोलावून त्याची क्षमा मागितली. पण तोंवर एकोणीस वर्षें निघून गेलीं होतीं.

ही व्याधि आपल्याच गांवची आहे असें मात्र नाहीं. जेथें घराला घर लागून उभें राहतें, तेथें ती आहेच. तिच्यावर लंडन शहरानें जो उपाय शोधिला, तो मननीय आहे.

लंडनचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-एल्विन ह्याच्या नांवानें एक जुनी नियमावलि प्रसिद्ध आहे. परंपरेनें ती ११८९ सालची मानितात. तींत असें सांगितलें आहे कीं, दोघां शेजाऱ्यांना मध्यें दगडी भिंत घालावयाची असेल, तर प्रत्येकानें आपली दीड फूट जमीन सोडावी, आणि दोघांच्या खर्चानें ३ फूट जाड व १६ फूट उंच अशी भिंत उभारावी. कोनाडे हवे असतील तर दोहों बाजूंनीं एक-एक फूट खोल ठेवावे, म्हणजे मध्यें एक फूट भरीव भिंत उरते. शौचकूप दगडानें बांधून काढिला असेल तर तो शेजाऱ्याच्या जमिनीपासून अडीच फूट दूर असावा, व तसा नसेल तर साडेतीन फूट. इतक्या बारकाईनें आमच्या ग्रामपंचायतीहि क्वचितच विचार करितात!

परंतु त्या नियमावलींतील सर्वांत सुंदर कलम पुढेंच आहे. एका शेजाऱ्याला दगडी भिंत बांधावयाची आहे, आणि दुसरा दारिद्र्यामुळें खर्च करूं शकत नाहीं. अशा वेळीं काय करावें? नियम म्हणतो कीं, ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानें आपली तीन फूट जमीन द्यावी; ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यानें तीवर स्वखर्चानें भिंत बांधावी; आणि त्या भिंतीचा अर्धा भाग जमीन देणाऱ्याचाच राहावा. तिच्यावर आपल्या तुळया टेंकण्याचा त्याला पूर्ण अधिकार. गरीब शेजाऱ्याला येथें भिक्षा घातलेली नाहीं. त्याला भागीदार केलें आहे.

नियम चांगला होता, तरी लंडनची बहुतेक घरें लांकडाचींच राहिलीं. त्याचें फळ १६६६ सालीं मिळालें. २ सप्टेंबरच्या पहांटे पुडिंग लेनमधील एका भटारखान्यांत आग लागली. ती चार दिवस पसरत राहिली, व सुमारें १३,२०० घरें आणि ८७ देवळें तिच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. ह्या वेळीं इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स होता. पोर्तुगालच्या कॅथरीन राजकन्येशीं झालेल्या विवाहांत मुंबई बेट आंदण मिळालें तें ह्याच राजाला.

आतां विचार करा. हजारों घरमालकांना एकाच वेळीं घरें बांधावयाचीं होतीं. एकाजवळ आज पैसा आहे, दुसऱ्याजवळ दोन वर्षांनीं येणार, तिसरा शहर सोडून गेलेला. पहिल्यानें मधली भिंत बांधिली, तर दुसरा पुढें फुकट तिच्यावर आपलीं आढीं-वासे ठेवील. आणि हें भय धरून पहिला थांबला, तर कोणाचेंच घर उभें राहणार नाहीं. प्रत्येकानें आपापली निराळी भिंत घातली, तर अरुंद जागा आणखीच अरुंद व्हावयाची.

ह्या पेंचांतून १६६७ च्या कायद्यानें वाट काढिली. बाहेरच्या भिंती ह्यापुढें विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्या, असें ठरलें. गल्लींतील लहान घर दोन मजल्यांचें, महत्त्वाच्या रस्त्यावरील तीन मजल्यांचें, हमरस्त्यावरील चार मजल्यांचें, आणि धनिकांचे वाडेहि चारांहून उंच नकोत, अशा चार प्रती ठरविण्यांत आल्या. रांगेंतील छपरें एकसारखीं व्हावीं, ही दृष्टि त्यांत होती. आणि मधल्या भिंतीविषयीं नियम असा : ती दोघांच्याहि जमिनीवर सारखी सरकावी, जो प्रथम बांधावयास लागेल त्यानें ती बांधावी, दर्शनी भिंतीच्या कडेला पुढच्या घराच्या विटा नीट गुंताव्या म्हणून त्यानें विटांचे दांते मोकळे सोडावे. दुसरा शेजारी जेव्हां बांधावयास येईल, तेव्हां त्यानें त्या भिंतीचा निम्मा खर्च, आणि पहिल्यानें काम आरंभिलें तेव्हांपासूनचें दरसाल शेंकडा ६ प्रमाणें व्याज, प्रथम चुकतें करावें. तें दिल्यावांचून त्याला त्या भिंतीला हात लावितां येत नसे. पहिल्याला आपलें धाडस बुडीत जाईल ही धास्ती राहिली नाहीं, व दुसऱ्याला घाईनें कर्ज काढण्याचें कारण उरलें नाहीं.

कायदा झाला तरी हद्द कोणी दाखवावी? राखेच्या ढिगाऱ्यांत जुन्या खुणा कशा सांपडणार? त्यासाठीं शहरानें मोजणीदार नेमिले. त्यांत पीटर मिल्स, जॉन ऑलिव्हर व रॉबर्ट हूक हे होते. हूक हे त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकांतून पाहून ‘पेशी’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रथम त्यांनींच योजिला. असा विद्वान मनुष्य ढिगाऱ्यांत उभा राहून शेजाऱ्यांच्या समक्ष दोरी ताणी व खुंट ठोकी. एका पायाच्या आंखणीस ६ शिलिंग ८ पेन्स फी ठरली होती. ठोकलेला खुंट उपटणाऱ्याला शिक्षा होती. शेजाऱ्याची सीमा सरकवूं नये, ही मोशेच्या नियमशास्त्रांतील आज्ञा येथें शहराचा कायदा झाली.

तरीहि जे तंटे उरले त्यांसाठीं क्लिफर्ड्स इन येथें विशेष न्यायालय बसविण्यांत आलें. जळालेल्या घराचें भाडें भाडेकऱ्यानें द्यावयाचें कीं नाहीं, आणि घर पुन्हां बांधण्याचा भार कोणावर, हे तेथील मुख्य प्रश्न. न्यायाधीश वेतन न घेतां बसत, लांबलचक कागदपत्रांवांचून उभयपक्षांचें ऐकत, आणि कायद्याच्या अक्षरापेक्षां दोघांचें सामर्थ्य पाहून निवाडा देत. जो घर बांधण्याचें पत्करी त्याचें भाडें कमी करीत व पट्ट्याची मुदत वाढवीत. कृतज्ञ शहरानें ह्या २२ न्यायाधीशांचीं चित्रें जॉन मायकेल राइट ह्या चित्रकाराकडून काढवून गिल्डहॉलमध्यें लाविलीं.

ह्या इतिहासाला एक दुःखद बाजू आहे, आणि ती आम्हां कॅथोलिकांस विसरतां येत नाहीं. ज्या शहरानें विटांच्या भिंतीचा न्याय इतक्या समतोलपणें केला, त्यालाच मनुष्याचा न्याय करितां आला नाहीं. आग कॅथोलिकांनीं लाविली असा ओरडा झाला. रॉबर्ट ह्यूबर्ट नांवाच्या एका भ्रमिष्ट फ्रेंच तरुणानें खोटाच कबुलीजबाब दिला, व ऑक्टोबर १६६६ मध्यें त्याला फांशीं देण्यांत आलें. तो आग लागल्यानंतर लंडनांत उतरला होता, हें मागाहून उघड झालें. तथापि १६८१ सालीं आगीच्या स्मारकस्तंभावर कॅथोलिकांना दोष देणारा लेख कोरला गेला. मध्यंतरीं दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींतील थोडीं वर्षें वगळतां तो तेथेंच राहिला, आणि अखेर १८३० सालीं खोडण्यांत आला. विटांचीं घरें कांहीं वर्षांत पुरीं झालीं. शेजाऱ्याविषयींचा खोटा ग्रह काढावयास मात्र दीड शतकाच्या वर काळ लागला.

सामाईक भिंतीचा कायदा पुढें वाढतच गेला. १७०७ सालीं, आग छपरावरून छपरावर जाऊं नये म्हणून मधली भिंत छपराच्या वर १८ इंच न्यावी असें ठरलें. इंग्लंड व वेल्समध्यें आज १९९६ चा कायदा चालतो. मधल्या भिंतीला हात लावण्यापूर्वीं दोन महिने, व शेजाऱ्याच्या इमारतीजवळ तिच्या पायाहून खोल खणण्यापूर्वीं एक महिना, लेखी सूचना द्यावी लागते. आपल्या देशांत १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. वीस वर्षें निर्वेधपणें उपभोगिलेला उजेड, वारा आणि इमारतीचा आधार ह्यांना त्यानें हक्काचें रूप दिलें.

धर्मग्रामस्थहो, आपल्या आळींत आज जुनीं कौलारू घरें पाडून नवीं बांधण्याचें काम चाललें आहे. ज्यांना बांधावयाचें आहे त्यांस माझी तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली ही कीं, गवंड्याला बोलावण्यापूर्वीं शेजाऱ्याला बोलवा. पायाची खोली, भिंतीची जाडी आणि पन्हळीचें पाणी कोठें जाणार हें दोघांच्या सह्यांनिशीं कागदावर लिहून ठेवा. दुसरी ही कीं, ज्या भिंतीवर आपली तुळई टेंकते तिचा निम्मा पैसा मागितल्यावांचून पोंचता करा. आणि तिसरी ही कीं, शेजारी गरीब असेल तर त्याच्या गरिबीचा लाभ घेऊं नका. आठशें वर्षांपूर्वींच्या त्या नियमाप्रमाणें त्याला भागीदार करा, व त्याच्यासाठीं भिंतींत दांते सोडून ठेवा. आज नाहीं, तरी उद्यां त्याचेंहि घर उभें राहील.

माझ्या वडिलांना जें सुचावयास एकोणीस वर्षें लागलीं, तें तुम्हांला पाया खणण्यापूर्वींच सुचो. नासरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद तुमच्या घरांवर व तुमच्या शेजाऱ्यांच्या घरांवर सदैव राहो, हीच ह्या महोत्सवप्रसंगीं माझी प्रार्थना.