सुकळवाडचे दादासाहेब तोरणे

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कसाल नांवाचें आमचें गांव आहे. येथें मालवणकडे जाणारा फांटा फुटतो आणि त्या वाटेनें थोडें पुढें गेलें कीं सुकळवाड लागतें. आंबा, काजू, भाताचे कुणगे आणि जांभ्या दगडाचीं घरें, यांपलीकडे वाटसरूनें मुद्दाम थांबून पाहावें असें तेथें कांहीं नाहीं. मी आयुष्यभर शाळामास्तर. पुष्कळ वर्षांपूर्वी एका चांचणी परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता : भारतांतील पहिला चित्रपट कोणता? वर्गांतील यच्चयावत् मुलांनीं 'राजा हरिश्चंद्र' असें लिहिलें. सुकळवाडच्या एका मुलानें मात्र 'श्री पुंडलिक' लिहिलें, आणि मीं त्यावर तांबड्या शाईची फुली मारली. मुलगा हट्टी होता. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तो आमच्या गांवच्या माणसान काढलेलो." मीं त्यास दटावून खालीं बसविलें. ज्या गृहस्थांविषयीं आज मी बोलणार आहें त्यांचें नांव माझ्या कानीं प्रथम पडलें तें असें. आणि मीं तें नीट ऐकूनहि घेतलें नाहीं.

रामचंद्र गोपाळ तोरणे, ज्यांना चित्रपटसृष्टि पुढें दादासाहेब म्हणून ओळखूं लागली, त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९० रोजीं सुकळवाड येथें झाला. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हां नव्हता. तो १९८१ सालीं झाला. मालवणचा मुलूख त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. मुलगा तीन वर्षांचा होतो न होतो तोंच वडील वारले आणि मायलेंकरांवर राहतें घर सोडण्याची पाळी आली. शिक्षण बेताचें झालें. पितृछत्र नाहीं, जमीनजुमल्याचा आधार नाहीं, अशा कोंकणी मुलाला त्या दिवसांत एकच वाट असे, आणि ती मुंबईस जाई. रेल्वे आमच्याकडे यावयास तेव्हां अजून शंभर वर्षें होतीं. मुंबई म्हणजे मालवणच्या बंदरांतून आगबोट, आणि पावसाळ्यांत तीहि बंद. मुंबईंत तोरण्यांनीं ग्रीव्हज् कॉटन या कंपनींत नोकरी धरली आणि विजेचें काम शिकून घेतलें. ही गोष्ट बारीक दिसते, पण ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या आरंभीच्या चित्रपटकारांपैकीं कोणी चित्रकार होते, कोणी नाटकवाले होते, कोणी पैसेवाले होते. तोरणे हे यंत्राच्या वाटेनें या धंद्यांत शिरले.

यंत्राच्या जोडीला नाटकाची आवड होतीच. ज्या गांवीं रात्रभर देवळापुढें दशावतार चालतो, जेथें पुरुषच लुगडें नेसून राणी होतो आणि पहांटेपर्यंत कोणी जागचा हलत नाहीं, त्या गांवच्या मुलाला ही आवड कोठून आली हें आम्हां मालवणी माणसांना सांगावें लागत नाहीं. मुंबईंत श्रीपाद संगीत मंडळी ही नाटककंपनी होती. तिच्याशीं तोरण्यांचा संबंध आला. ती मंडळी रामराव कीर्तिकरांचें 'श्री पुंडलिक' हें नाटक करीत असे. चलच्चित्रें मुंबईला नवीं राहिलीं नव्हतीं. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन्स हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचे खेळ झाले होते, आणि सावेदादा भाटवडेकरांनीं १८९९ सालीं कुस्तीचें चित्रणहि केलें होतें. परंतु आपली कथा, आपल्या नटांकडून करवून घेऊन, पडद्यावर आणावी हें कोणी केलें नव्हतें. नानाभाई चित्रे यांनीं पैशाची बाजू सांभाळली, टिपणीस म्हणून दुसरे एक गृहस्थ साहाय्यास आले, बोर्न अँड शेफर्ड या नामांकित छायाचित्रकार कंपनीकडून कॅमेरा आणि तो चालविणारा जॉन्सन नांवाचा इंग्रज मिळाला, आणि मुंबईच्या मंगळदास वाडींत नाटकाचें चित्रण झालें.

प्रथम कॅमेरा एका जागीं रोवून सबंध नाटक टिपण्याचा प्रयत्न झाला. तो मनास न आल्यामुळें तोरण्यांनीं तुकड्यातुकड्यांनीं चित्रण करून ते तुकडे जोडले, असें त्यांच्या चरित्राविषयीं लिहिणारे सांगतात. सुमारें बावीस मिनिटांचा हा मूकपट १८ मे १९१२ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. त्याच खेळांत एक विलायती चित्रपट आणि कांहीं विनोदी तुकडेहि होते. 'पुंडलिक' दोन आठवडे चालला. त्या वेळच्या इंग्रजी दैनिकांतील जाहिरात आज उपलब्ध आहे. चित्रपट मात्र उरलेला नाहीं.

मला या प्रसंगांतील एका गोष्टीचें राहून राहून नवल वाटतें. मूळ नाटक संगीत. संगीत नाटकाचा जीव त्याच्या पदांत. तीं पदें गाणारे नट पडद्यावर तोंड उघडीत आणि आवाज कांहीं येत नसे. आईबापांची सेवा करतां करतां विठ्ठलाला विटेवर तिष्ठत ठेवणाऱ्या पुंडलिकाची कथा गिरणगांवांतल्या आणि चाळींतल्या मराठी माणसाला पाठ असल्यामुळें ती कळली. पण ऐकूं कांहींच आलें नाहीं. लहानपणींच पोरका झालेला मुलगा मातापित्यांच्या भक्ताची कथा निवडतो, यांत कोणाला गूढ दिसेल. मी त्या मोहांत पडत नाहीं; नाटक दुसऱ्याचें होतें आणि कंपनीच्या खेळांत तें तयार होतें.

आतां वादाचा विषय. दादासाहेब फाळके १ एप्रिल १९१२ रोजीं विलायतेहून परत आले. म्हणजे 'पुंडलिक' कॉरोनेशनमध्यें लागला तेव्हां फाळके मुंबईंतच आपल्या कामाच्या तयारींत होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं त्याच कॉरोनेशनमध्यें झळकला. मध्यें एक वर्षाला पंधरा दिवस कमी. तरीहि पहिलेपणाचा मान फाळक्यांना मिळाला, आणि २०१३ सालीं देशानें भारतीय चित्रपटाची शताब्दि साजरी केली ती 'हरिश्चंद्रा'पासून मोजूनच. त्याच वर्षीं तोरण्यांच्या बाजूनें हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेण्यांत आला. 'पुंडलिका'विरुद्ध आक्षेप नेहमींचेच आहेत. कॅमेरा चालविणारा इंग्रज होता. फिल्म धुण्याचें काम लंडनला झालें. कॅमेरा जागचा हलला नाहीं. आणि तें रंगभूमीवरच्या नाटकाचें नुसतें छायाचित्र होतें, चित्रपट नव्हे.

यांपैकीं पहिला आक्षेप मला मुळींच पटत नाहीं. १९३६ सालचा 'अछूत कन्या' आपण सर्व जण भारतीय चित्रपट म्हणतों. त्याचा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन आणि छायालेखक योसेफ वीर्शिंग हाहि जर्मन. तेथें कोणी कातडीचा रंग पाहत नाहीं, मग तोरण्यांच्याच वांट्याला ही झडती कां? फिल्म कोठल्या पाण्यांत धुतली हा तर त्याहूनहि हलका मुद्दा. कॅमेऱ्याच्या हालचालीविषयीं म्हणाल, तर 'हरिश्चंद्रा'चा जो भाग आज शिल्लक आहे त्यांतहि कॅमेरा बहुधा प्रेक्षकाच्या खुर्चींत बसल्यासारखा समोर स्थिर आहे. त्या काळीं सगळ्यांचाच कॅमेरा तसा असे.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि गांवच्या अभिमानापोटीं तो झटकून टाकावा असें मला वाटत नाहीं. फाळक्यांनीं पडद्यासाठीं कथा बांधली, पात्रें निवडलीं, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला लुगडें नेसविलें, आणि फिल्मला भोंकें पाडण्यापासून छापण्यापर्यंतचीं सारीं कामें दादरच्या घरीं केलीं. सरस्वतीबाई फाळके रात्री जागून त्यांत हातभार लावीत. शिवाय फाळके तेथें थांबले नाहींत; त्यांनीं या देशांत धंदा म्हणून चित्रपट उभा केला. तोरणे 'पुंडलिका'नंतर पुन्हां नोकरीकडे वळले. म्हणून माझा निवाडा असा कीं कालक्रमानें पहिला कथापट तोरण्यांचा, आणि भारतीय चित्रपटाचे जनक फाळकेच. हीं दोन पदें निरनिराळीं आहेत. एकाला दिल्यानें दुसऱ्याचें कांहीं कमी होत नाहीं. चूक होती ती माझ्या प्रश्नांत. 'पहिला पूर्ण लांबीचा, सर्वस्वीं देशी हातांनीं झालेला चित्रपट कोणता' असें मीं विचारलें असतें, तर तांबडी शाई न्याय्य ठरली असती.

परंतु या पहिलेपणाच्या तंट्यांत तोरण्यांचें खरें कर्तृत्व झांकून गेलें, ही माझी मुख्य तक्रार आहे. कंपनीच्या कामानिमित्त ते कराचीस गेले. पुढें प्रभातचे भागीदार म्हणून प्रसिद्धीस आलेले बाबूराव पै यांच्यासह त्यांनीं परदेशी चित्रपटांच्या वितरणाचा व्यवसाय केला. मुंबईस परतल्यावर अर्देशीर इराणी यांच्याशीं संबंध आला. 'सिंदबाद खलाशी' (१९३०) आणि 'दिलबर' (१९३१) हे मूकपट त्यांनीं दिग्दर्शित केले. १९२९ च्या सुमारास त्यांनीं मूव्ही कॅमेरा कंपनी काढली. ती परदेशांतून चित्रपटाचीं यंत्रें आणवी. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत इराणींचा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट लागला, त्याच्या ध्वनिमुद्रणाचें यंत्र मिळविण्यांत तोरण्यांच्या या कंपनीचा हात होता. १९१२ सालीं ज्यांच्या नटांना पडद्यावर आवाज मिळाला नव्हता, त्याच गृहस्थांनीं एकोणीस वर्षांनीं सगळ्या देशाच्या नटांना आवाज देणारें यंत्र आणण्यास साहाय्य केलें. 'आलम आरा'चें नांव घेणारे शेंकड्यांनीं भेटतात. त्यांत तोरण्यांचें नांव घेणारा मला क्वचितच भेटला.

त्यानंतर त्यांनीं पुण्यास सरस्वती सिनेटोन ही स्वतःची संस्था उभारली. तिचा 'श्यामसुंदर' १९३२ सालीं मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. दिग्दर्शन भालजी पेंढारकरांचें. मुंबईच्या वेस्ट एंड सिनेमांत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला, आणि रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे. दोन आठवड्यांच्या 'पुंडलिका'पासून येथपर्यंत वीस वर्षें लागलीं. या चित्रपटानें दोन कलावंत महाराष्ट्राला दिले. त्यांत कृष्ण झालेला शाहू मोडक हा अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतला चौदा वर्षांचा मुलगा. पुढें आयुष्यभर लोकांनीं त्याला कृष्ण म्हणूनच पाहिलें. त्याची एकच भूमिका त्याहून निराळी लोकांच्या मनांत ठसली, ती म्हणजे 'माणूस' (१९३९) मधील पोलीस शिपाई गणपत. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्यें ज्ञानेश्वर झालेला नट तोच. ख्रिस्ती मुलगा कृष्ण आणि ज्ञानेश्वर होतो आणि घरोघरच्या आयाबाया त्याला मनोभावें हात जोडतात, हें महाराष्ट्रांत घडलें, आणि त्याबद्दल कोणी ओरडल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. दुसरी शांता आपटे. तिचें गाणें आणि तिचा करारी बाणा प्रभातच्या 'कुंकू'मध्यें (१९३७) सर्वांनीं पाहिला; पण तिचें पहिलें पाऊल पडलें तें तोरण्यांच्याच पडद्यावर.

१९३३ सालीं सरस्वतीनें 'औट घटकेचा राजा' काढला. हिंदींत त्याचें नांव 'आवारा शहजादा'. त्यांत शाहू मोडकांनीं राजपुत्र आणि गरीब मुलगा अशा दोन्ही भूमिका केल्या. एकाच नटाला एका चौकटींत दोनदां दाखविणें हा आज पोरखेळ झाला आहे. त्या वेळीं फिल्मचा अर्धा भाग झांकून, ती उलटी फिरवून, नटाला पुन्हां त्याच जागीं उभें करून तें साधावें लागे, आणि बोलपटांत ओठांशीं आवाजहि जुळवावा लागे. विजेच्या तारा जोडण्यापासून धंद्याला लागलेल्या माणसाच्या संस्थेंत हें घडावें, याचें मला आश्चर्य वाटत नाहीं.

पुढें 'राजा गोपीचंद' (१९३८), 'नारद-नारदी' (१९४१), 'आवाज' (१९४२) अशीं चित्रें निघत राहिलीं. त्यांविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. १९४७ च्या सुमारास व्यवसायांत मोठा फटका बसला, प्रकृतीनें दगा दिला, आणि दादासाहेब कामांतून बाजूला झाले. शेवटचीं वर्षें त्यांनीं पुण्यास काढलीं. १९ जानेवारी १९६० रोजीं त्यांचें निधन झालें. फाळक्यांच्या नांवें सरकारनें १९६९ पासून पारितोषिक सुरू केलें आणि तें योग्यच झालें.

आमच्या कसालच्या तिठ्यावर आज मुंबईच्या गाड्या थांबतात, चहा होतो आणि माणसें मालवणचा किल्ला पाहावयास पुढें जातात. सुकळवाड त्यांच्या खिडकीबाहेरून निघून जातें. त्या परीक्षेचे कागद केव्हांच रद्दींत गेले. तो मुलगा मुंबईस नोकरी करतो आणि चतुर्थीला गांवीं येतो. गेल्या खेपेस तिठ्यावर भेटला तेव्हां मीं त्याला त्या तांबड्या फुलीची आठवण दिली आणि माझी चूक झाली असें सांगितलें. त्याला तें आठवत नव्हतें. म्हणाला, "गुरुजी, मी असा काय लिवलेलंय?" मग आम्ही चहा घेतला आणि तोरण्यांचें घर वाडींत नेमकें कोठें होतें याविषयीं त्याच्या आजीनें काय सांगितलें होतें, तें तो मला सांगूं लागला.